हजेरीपटावर नसलेली नावे

एखादे मोठे शहर कोणी वसविले, असा प्रश्न विचारल्यास आपल्यापैकी बहुतेकजण काय उत्तर देतील? राज्यकर्ते, धनिक व्यापारी, गिरणीमालक, अभियंते यांची नावे चटकन ओठांवर येतील. थोडा अधिक विचार करणारा वाचक म्हणेल, की शहर श्रमिकांनी वसविले. गावाकडून वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या लाखो माणसांनी वसविले. हे उत्तर पहिल्यापेक्षा अधिक खरे आहे. तथापि, 'माणसे' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते? बहुधा पुरुषच. त्याची आई, पत्नी, विधवा बहीण अथवा त्याला दोन वेळा जेवू घालणारी परकी स्त्री त्या चित्रात दिसलीच, तर मागे कोठेतरी, पुसट दिसते.

हे चित्र अपुरे आहे. स्थलांतराच्या इतिहासात स्त्रियांनी उचललेला भार पुरुषांच्या भारापेक्षा कमी नव्हता. मग त्यांचे स्मरण शहरांनी का ठेवले नाही? आणि आज आपण त्याबाबत काय करू शकतो? मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घेऊन आपण या प्रश्नांचा विचार करू या. तुम्ही मुंबईचे नसाल, इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथे राहत असाल, तरी तुमच्या कुटुंबाचा प्रवासही कोणत्या तरी गावातून सुरू झाला असेल. म्हणून हा विषय तुमच्या घरचाच आहे.

पुरुषांचे शहर?

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली व १८५६ मध्ये ती ताडदेव येथे सुरू झाली. त्यानंतरच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी, वरळी, नायगाव या भागांत गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या आणि त्या सर्व परिसरास लोक गिरणगाव म्हणू लागले. कामकरी आले ते मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून. त्याचप्रमाणे सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून आणि पुढे उत्तर हिंदुस्थानातून. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. बोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरावयाचे आणि ओळखीच्या गाववाल्याचे घर शोधावयाचे, हाच रिवाज होता.

१९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील शेकडा ८० हून अधिक रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते. त्याच जनगणनेत दर १,००० पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. म्हणजे दोन पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री! हा आकडा वाचून कोणी म्हणेल, "मग बरोबरच आहे. मुंबई पुरुषांनीच वसविली." परंतु हा निष्कर्ष घाईचा ठरेल. ज्या स्त्रिया मुंबईत मोजल्या गेल्या नाहीत, त्या कोठे होत्या आणि काय करीत होत्या, हे आधी पाहिले पाहिजे.

गावी राहिलेल्या स्त्रीचा वाटा

त्या गावी होत्या. नवरा गिरणीत लागला की भाताची लावणी, कापणी, गुरेढोरे, सासूसासऱ्यांची शुश्रूषा, मुलांचे आजार, सावकाराचे तगादे हे सर्व तिच्या अंगावर येई. महिन्याकाठी मनीऑर्डर आली तर आली. ती लिहिता-वाचता येणाऱ्या कोणाकडून वाचून घ्यावयाची, आणि उत्तरही त्याच्याकडूनच लिहून घ्यावयाचे. मनातले सारेच परक्याला सांगून लिहविता येत नाही. यास्तव त्या काळातील पत्रांतून तिचा आवाज आपल्यापर्यंत फारसा पोहोचलेला नाही.

आता याची दुसरी बाजू लक्षात घ्या. गिरणीकामगाराचे वेतन एका कुटुंबाचा मुंबईतील खर्च भागविण्यास पुरेसे नसे. मग गिरण्यांना कामगार मिळत कसे? कारण कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचा काही भाग गावची जमीन उचलत होती आणि ती जमीन स्त्री कसत होती. कामगार आजारी पडला, कामावरून कमी झाला अथवा म्हातारा झाला, की तो गावी परत जाई. संप लांबला तर हजारोजण गावाची वाट धरीत. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. पगारावाचून इतका काळ तग धरणे कसे शक्य झाले, याचे एक उत्तर गावाकडच्या चुलीपाशी सापडते. गिरणीमालकाच्या जमाखर्चात या स्त्रीचे नाव नव्हते. तरीही तिच्या श्रमावाचून तो जमाखर्च जुळला नसता.

शाहीर अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ झालेला मुंबईतील कामकरी तीत बोलतो. ती रचना अजरामर आहे यात शंका नाही. पण तीत आठवण काढणारा तो आहे आणि ती आठवणीतली आहे. तिने स्वतः काय आठवले, काय सोसले, हे तिच्या तोंडून ऐकावयाचे असेल तर आपल्याला अन्यत्र जावे लागते. त्याकडे आपण पुढे वळू.

गिरणीच्या दरवाजातून आत

सर्वच स्त्रिया गावी राहिल्या नाहीत. दुष्काळ, वैधव्य, कर्ज, सासरचा जाच किंवा नवऱ्याचा शोध अशा नाना कारणांनी कित्येकजणी शहरात आल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे एक-पंचमांश कामगार स्त्रिया होत्या. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग या खात्यांत असत. सूत गुंडाळण्याचे हे काम नगावर मोजले जाई व नगावरच पैसे मिळत. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या स्त्रीस 'नायकीण' म्हणत. नोकरी लागणे, टिकणे, रजा मिळणे हे पुष्कळदा नायकिणीच्या मर्जीवर अवलंबून असे. आपल्या गावच्या, आपल्या नात्यातल्या बायकांना ती कामावर लावी. अर्थात, पुरुषांना शहरात आणणारी साखळी जशी जॉबरच्या हातून जात होती, तशीच स्त्रियांची साखळी स्त्रियांच्या हातून जात होती.

मग या स्त्रिया गिरण्यांतून नाहीशा का झाल्या? याचे उत्तर विचार करावयास लावणारे आहे. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाचे दिवसाचे तास ११ वर मर्यादित केले. पुढे रात्रपाळीवर बंदी आली. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभ कायदा झाला. भारतातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा होय. हे कायदे हिताचेच होते. परंतु स्त्रीला कामावर ठेवले तर प्रसूतीचा भत्ता द्यावा लागतो आणि रात्रपाळीस तिला बोलाविता येत नाही, हे पाहून अनेक गिरण्यांनी स्त्रियांच्या जागी पुरुष नेमणे पसंत केले. नवी यंत्रे आली तेव्हा सर्वप्रथम कमी झाली ती स्त्रियांचीच खाती. स्वातंत्र्यानंतरच्या काळात त्यांचे प्रमाण सतत घटत गेले आणि १९८० च्या सुमारास ते अगदीच अल्प उरले. परिणामी, पुढच्या पिढीने गिरणी पाहिली ती पुरुषांनी भरलेली. 'गिरणीत बायका कामाला होत्या' हे तिला सांगावे लागले.

खानावळ: एका खोलीतले अन्नछत्र

गिरणीच्या बाहेर स्त्रियांनी उभी केलेली एक मोठी व्यवस्था मात्र शेवटपर्यंत टिकली. ती म्हणजे खानावळ.

चाळीतल्या एकेका खोलीत एका गावचे दहा-पंधरा, कधी त्याहून अधिक पुरुष राहत. एक पाळी कामावर जाई तेव्हा दुसरी पाळी झोपण्यास येई. स्वयंपाक करण्यास तेथे ना जागा होती, ना वेळ. या पुरुषांना जेवू घालण्याचे काम जवळपासच्या स्त्रियांनी पत्करले. काहींचे नवरे गिरणीत होते, पण पगार पुरत नव्हता. काही विधवा होत्या. काहींना नवऱ्याने टाकले होते. पहिल्या पाळीच्या आधी डबा तयार हवा म्हणून त्या रात्र सरण्यापूर्वीच उठत. शेगडी पेटविणे, नळावर रांग लावणे, पीठ मळणे, भाकऱ्या थापणे, आमटी-भात, भांडी, रेशन आणि पुन्हा संध्याकाळचे पान, असा त्यांचा दिवस असे. हिशेब महिन्याचा, म्हणजे पगार होईपर्यंत सारे उधार. त्या स्वतः मात्र वाण्याकडून उधारीवर धान्य आणीत आणि निकड पडली की सावकाराकडे दागिना किंवा भांडे गहाण ठेवीत.

संपाच्या काळात काय होत असे, याची कल्पना करा. पगार बंद, म्हणून खानावळीचे पैसे बंद. पण जेवणाऱ्याला ताटावरून उठवावयाचे कसे? बहुतेकींनी उठविले नाही. संप कामगाराचा असे आणि कर्ज खानावळवालीच्या डोक्यावर चढे. १९७३-७४ च्या संपानंतर अशा कर्जबाजारी स्त्रियांची अवस्था पाहून कामगार चळवळीतील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. राष्ट्रीयीकृत बँकेकडून या स्त्रियांना तारणावाचून अल्प कर्ज मिळवून देणे हा त्या कार्याचा आरंभ होता. प्रेमाताई स्वतःही मुंबईत बाहेरून आलेल्या; किशोरवयात त्यांनी गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतला होता. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. बँकेच्या खातेवहीत ज्या दिवशी खानावळवालीचे पूर्ण नाव लिहिले गेले, त्या दिवशी कदाचित प्रथमच शहराने तिला नावाने ओळखले. तोपर्यंत ती सर्वांची 'मावशी' होती. मावशी या शब्दात माया आहे, पण तिचे नाव विचारण्याची गरज मात्र तो उरू देत नाही.

ज्याची नोंद, त्याचे स्मरण

येथे एक तुलना उद्‌बोधक ठरेल. गोव्याहून मुंबईस आलेल्या ख्रिस्ती पुरुषांनी धोबीतलाव व आसपासच्या भागात आपापल्या गावांचे 'कूड' स्थापन केले. खलाशी, आचारी, वादक असे लोक तेथे अल्प खर्चात राहत, ठरल्या वेळी एकत्र प्रार्थना करीत, बोटीवर जाताना आपली पेटी तेथे ठेवून जात. कुडाला नियम होते, सभासदांची नोंदवही होती, गावच्या संताची वेदी होती. त्यामुळे कुडांचा इतिहास लिहिणे शक्य झाले. स्त्रियांना मात्र कुडात जागा नव्हती. आया म्हणून, स्वयंपाकीण म्हणून आलेल्या गोव्याच्या स्त्रीने डोके कोठे टेकले, हे त्या नोंदवह्यांतून कळत नाही. खानावळीचेही तसेच. तिला पाटी नव्हती, सभासदवही नव्हती, वार्षिक अहवाल नव्हता. खोली रिकामी झाली की खानावळही नाहीशी झाली.

नोंद नसणे ही गोष्ट भावनेपुरतीच मर्यादित राहत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालू झाल्या नाहीत. त्या वर्षांत घरे कोणी चालविली? स्त्रियांनी धुणीभांडी केली, भाजी विकली, घरी बसून नगावर शिवणकाम केले, पापड लाटले, मुलांच्या शाळा सुटू दिल्या नाहीत. पुढे बंद गिरण्यांच्या जमिनींचा काही भाग कामगारांच्या घरांसाठी वापरण्याची तरतूद झाली आणि २०१२ मध्ये म्हाडाने अशा घरांची सोडत काढली. पात्रतेची अट अशी की, अर्जदार १ जानेवारी १९८२ रोजी अथवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत असलेला कामगार किंवा त्याचा वारस असावा. कामगार स्त्रीला व कामगाराच्या विधवेला या अटीत जागा मिळाली, हे खरे. परंतु वीस-वीस वर्षे त्याच कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवालीला त्या नात्याने कोणताच हक्क नव्हता. तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. ज्यांचे श्रम कागदावर येत नाहीत, त्यांचा वाटाही कागदावर येत नाही, हा धडा आपण येथे घेतला पाहिजे.

शहराच्या सार्वजनिक स्मृतीचेही असेच आहे. मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल धरलेले शेतकरी व कामगार उभे आहेत. ते दोघेही पुरुष आहेत. तुमच्या स्वतःच्या गावातील चौकांच्या, रस्त्यांच्या, सभागृहांच्या पाट्या एकदा वाचून पाहा. राणी, देवी वा पुढाऱ्याची आई एवढ्या वगळून किती स्त्रियांची नावे तुम्हांला आढळतात? काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याची योजना मुंबई महानगरपालिकेने हाती घेतली. अशा संग्रहालयात माग आणि चात्या अवश्य असाव्यात. परंतु त्यांच्याशेजारी भाकरीचा तवा, परात आणि उधारीची वही असल्यावाचून गिरणगावाची कथा पूर्ण होईल काय?

वेशीतील साक्षीदार आणि शेजारणी

स्थलांतर आणि स्मरण यांचा हा संबंध प्राचीन आहे. वाचकांना परिचित असलेले रूथचे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. दुष्काळामुळे एक कुटुंब बेथलेहेम सोडून मवाबात जाते. तेथे पुरुष मरण पावतात. उरलेल्या स्त्रियांपैकी नामी परतीची वाट धरते आणि परदेशी सून रूथ तिच्यासोबत चालत येते. पोट भरण्यासाठी ती शेतात सरवा वेचते. पुढे नगराच्या वेशीत वडील मंडळी बसतात, जमिनीचा व्यवहार होतो, साक्षीदार ठरतात. ही झाली नगराची अधिकृत नोंद. पण कथा तेथे संपत नाही. मूल जन्मास येते तेव्हा त्याचे नाव कोण ठेवते? शेजारणी! सून सात पुत्रांहून अधिक आहे, असे नामीला सांगणाऱ्याही नगरातील स्त्रियाच आहेत. वेशीतील पुरुषांनी जमिनीची नोंद ठेवली. शेजारणींनी नात्याची, सोसण्याची आणि निष्ठेची नोंद ठेवली. दोन्ही नोंदी जपल्या गेल्या म्हणूनच त्या परदेशी स्त्रीचे नाव मत्तयाच्या वंशावळीपर्यंत पोहोचले.

आपल्या शहरांतही वेशीतील नोंद पुष्कळ आहे. शेजारणींची नोंद मात्र हरवत चालली आहे.

स्मरण जपणाऱ्या स्त्रिया

सर्वच हरवले आहे असे मात्र नाही. जात्यावर दळताना स्त्रियांनी म्हटलेल्या ओव्या हे त्यांच्या स्मरणाचे फार मोठे भांडार आहे. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर-सासर, भाऊ, पाऊस, देव यांच्याबरोबरच मुंबईला गेलेला माणूस, आगगाडी व गिरणीही त्या दळणाच्या गाण्यांतून येतात. लिहिता न येणाऱ्या स्त्रीने आपला इतिहास सुरात ठेवला होता. पिठाची चक्की आली, जाती कोनाड्यात गेली आणि त्याबरोबर गाणेही थांबले. संग्रह झाला नसता तर त्यातील बहुतांश आज आपणांस मिळाला नसता.

ज्या स्त्रियांनी लेखणी हाती घेतली, त्यांचेही ऋण मोठे आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती वाचकांना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सांगावी लागत नाहीत. नाशिक, राजनांदगाव, अहमदनगर, मुंबई आणि अखेर कराची अशा त्यांच्या भ्रमंतीत धर्म बदलला, भाषेचा परिसर बदलला, घरे बदलली. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्या आठवणींत चूल, पैसा, भीती, विनोद, परक्या गावी मिळालेली माणसे हे सर्व आहे. त्यांनी लिहिले नसते तर आपल्याला 'रेव्हरंड टिळकांच्या पत्नी' एवढेच माहीत असते. अल्पवयात वैधव्य आलेल्या उषाबाई डांगे यांनी 'पण ऐकतं कोण?' या आत्मकथनात आणि पार्वतीबाई भोर यांनी 'एका रणरागिणीची हकीकत' या पुस्तकात गिरणगावाच्या लढ्यांतील स्त्री आतून दाखविली. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातील रहिवाशांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये मौखिक इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. विचारले तर लोक सांगतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

तुम्ही काय करू शकता?

१९८२ च्या संपाच्या वेळी विशीत असलेली स्त्री आज साठी ओलांडून गेली आहे. तेव्हा चाळिशीत असलेल्यांपैकी पुष्कळजणी आता हयात नाहीत. हे काम इतिहासकारांवर सोपवून वाट पाहण्याइतका वेळ आपल्याजवळ उरलेला नाही.

प्रथम आपल्या घरातील वा मंडळीतील वयोवृद्ध स्त्रीकडे जा. "तुमची आठवण सांगा," असे मोघम म्हटल्यास ती म्हणेल, "माझं काय सांगायचं?" याउलट, लहान व नेमका प्रश्न विचारा. गाव सोडले तेव्हा बरोबर काय आणले? पहिल्या रात्री कोठे झोपलात? नळ किती दूर होता? पहिला स्वतःचा पैसा कशाचा मिळाला व तो कशावर खर्च केला? बाळंतपणास गावी गेलात की येथेच राहिलात? कोणत्या शेजारणीने आधार दिला, आणि तिचे नाव काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अवश्य लिहून घ्या. कारण एका स्त्रीच्या आठवणीतून दुसरीचे नाव मिळते.

ती जसे बोलते तसेच लिहा. तिची बोली सुधारू नका. जे सांगण्याची तिची इच्छा नसेल ते खोदून काढू नका. तिने सांगितलेले प्रसिद्ध करावयाचे असल्यास तिची संमती घ्या व लिहिलेले तिला वाचून दाखवा. स्मरण हे तिचे आहे. आपण फक्त लेखनिक आहोत.

त्यानंतर कागदांकडे वळा. जुन्या मनीऑर्डरीच्या पावत्या, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, प्रसूतिगृहाची कार्डे रद्दीत घालण्यापूर्वी पाहा. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या हाही मोलाचा ठेवा आहे. तेथे पुष्कळदा वधूचे मूळ गाव, तिच्या आईवडिलांची नावे आणि बाप्तिस्म्याच्या वेळी उभ्या राहिलेल्या धर्ममातेचे नाव मिळते. दुष्काळाच्या वर्षांनंतर आपल्या मंडळीत कोणत्या गावांहून कोण आले, याचा शोध तेथून लागू शकतो. मंडळीच्या शताब्दीची स्मरणिका निघते तेव्हा पाळकांची व पंचांची छायाचित्रे क्रमाने छापली जातात. ती अवश्य छापावी. पण शाळेत शिकविणाऱ्या, घरोघरी जाऊन वाचून दाखविणाऱ्या बायबल स्त्रिया, परिचारिका, वसतिगृहाच्या मेट्रन, सणाच्या जेवणासाठी रात्रभर राबलेल्या स्त्रिया, यांची नावे छापण्यास दोन पाने अधिक लागतील एवढेच.

शेवटी, आजच्या स्थलांतराकडे पाहा. तुमच्या इमारतीत धुणीभांडी करणारी, रुग्णाची सेवा करणारी, बांधकामावर घमेली वाहणारी स्त्री कोठून आली, हे तुम्ही कधी विचारले आहे काय? तिला तुम्ही तिच्या नावाने हाक मारता, की नुसते 'बाई' म्हणता? पन्नास वर्षांनी या शहराचा इतिहास कोणी लिहावयास बसेल, तेव्हा तिची नोंद असेल की नसेल, हे आज ठरत आहे. तिचे पूर्ण नाव, तिचे गाव आणि तिची मजुरी लेखी स्वरूपात असणे ही तिच्यावर कृपा नव्हे. तो तिचा हक्क आहे, आणि उद्याच्या स्मरणाचा पायाही तोच आहे.

गिरण्यांच्या चिमण्या बहुतेक पडल्या. त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. दगडविटांचे स्मारक उभारणे सर्वांच्या हाती नसते. परंतु एक वही आणि एका वृद्ध स्त्रीजवळ बसण्यासाठी एक दुपार, एवढे प्रत्येकाजवळ आहे. ती वही या आठवड्यातच उघडा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गावी राहिलेल्या स्त्रीच्या श्रमाचा शहरातील वेतनाशी कोणता संबंध होता?

२. हिताचे कायदे होऊनही गिरण्यांतील स्त्रियांची संख्या का घटली? असे आजही कोठे घडताना दिसते काय?

३. कूड आणि खानावळ या दोहोंपैकी एकाचा इतिहास टिकला व दुसरीचा टिकला नाही, याचे कारण काय?

४. रूथच्या पुस्तकात वेशीतील साक्षीदारांनी कशाची नोंद ठेवली आणि शेजारणींनी कशाची?

५. तुमच्या कुटुंबात सर्वप्रथम गाव सोडून आलेल्या स्त्रीचे पूर्ण नाव तुम्हांला ठाऊक आहे काय? नसल्यास ते कोणाला विचारता येईल?